सत्राचे शेवटचे तीन आठवडे: आधी काय हातात घ्यावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिकवायला लागून हे दुसरंच सत्र. संपायला तीन आठवडे उरलेत. एक अख्खा घटक शिकवायचा राहिलाय. दोन वर्गांचे मिळून दीडशेच्या आसपास पेपर तपासायला येणार आहेत. त्यात विभागप्रमुखांनी कोर्स फाइल (सत्रभरात काय शिकवलं, तपासलं याच्या नोंदींची फाइल) अद्ययावत करून द्यायला आणि पुढच्या सत्रासाठी स्लाइड्स, नोट्स, प्रश्नसंच नवे करून ठेवायला सांगितलंय. विद्यार्थ्यांचा फीडबॅकही याच दिवसांत येणार. यातलं आधी काय घ्यावं, आणि रात्री जागून का होईना, हे सगळं बसवता येतं का?

सगळं बसत नाही. मी २१ वर्षं संख्याशास्त्र शिकवतेय, माझं एकाही सत्रात बसलेलं नाही. म्हणून बसवण्याच्या मागे लागू नका. ही कामं एका यादीत लिहिली की सारखी दिसतात, पण प्रत्येकाचा टिकाऊपणा वेगळा असतो. स्लाइड आज सुधारली काय आणि दोन महिन्यांनी सुधारली काय, ती कुठे पळून जात नाही. मात्र मुलं कुठे अडखळली, वर्गात कोणतं उदाहरण फसलं, कोणत्या प्रश्नात निम्मा वर्ग एकाच वळणावर चुकला, हे तुमच्या डोक्यात आज जितकं स्वच्छ आहे तितकं सुट्टीनंतर राहणार नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचा आलेख मांडला. त्यात सगळ्यात मोठी घसरण पहिल्या काही तासांत आणि पहिल्या एक-दोन दिवसांत दिसते, नंतर ती मंदावते. हा आलेख आपण विद्यार्थ्यांना लावतो, स्वतःला लावत नाही. सत्र संपताना सगळ्यात लवकर नासणारी गोष्ट म्हणजे स्वतःच्या कोर्सबद्दलची शिक्षकाची आठवण. ती आधी वाचवायची, या एका गोष्टीभोवती मी बाकीची कामं लावते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. पेपर तुम्ही स्वतः काढता की तो सगळ्यांना समान असतो? गुण भरायची तारीख किती कडक आहे? हाच विषय आणखी कुणी शिकवतं का? जिथे उत्तर यावर बदलतं तिथे मी तसं सांगत जाईन.

राहिलेल्या घटकापासून सुरू करते, कारण झोप बहुधा त्यानेच उडवली असेल. पेपर तुमच्या हातात असेल तर घटक छाटा. त्यातल्या दोन कल्पना निवडा, त्या नीट शिकवा आणि परीक्षेला एवढंच येणार हे मुलांना लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं वर्गाबाहेर पडेपर्यंत तीन प्रकारचं होतं. पेपर समान असेल तर छाटायचा अधिकार तुम्हाला नाही, पण धावायचीही गरज नाही. आधी हाच विषय शिकवणाऱ्या इतरांना विचारा की ते कुठवर आलेत. बऱ्याचदा सगळेच त्याच पानावर अडकलेले असतात आणि कुणीच बोलत नाही. तसं असेल तर पेपर काढणाऱ्याला ते वेळेत कळवता येतं. तसं नसेल तर घटकाचा सांगाडा वर्गात शिकवा, प्रत्येक प्रकारचं एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवा आणि सिद्धता नोट्समध्ये द्या.

धावू नका हे मी अनुभवावरून सांगतेय. सुरुवातीच्या वर्षांत एकदा मी शेवटच्या आठवड्यात जादा तास घेऊन दोन घटक उरकले. डायरीत ‘पोर्शन पूर्ण’ असं लिहिलंही. पेपर तपासताना दिसलं की त्या दोन घटकांवरचे प्रश्न जवळपास कुणी सोडवलेच नव्हते, आणि आधीच्या घटकांतली जी उजळणी त्या आठवड्यात व्हायला हवी होती ती बुडाल्याने तिथलेही गुण गेले होते. पोर्शन माझ्यापुरता पूर्ण झाला होता. निकोलस सेपेडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली अभ्यास एकदम करावा की विभागून, या विषयावरच्या ३१७ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. एका बैठकीत कोंबून केलेल्या अभ्यासापेक्षा मध्ये अंतर ठेवून केलेला अभ्यास जास्त टिकतो, हे त्यातून पुन्हा स्पष्ट झालं. शेवटच्या आठवड्यात नवं कोंबलं की त्याला अंतर मिळतच नाही, तेव्हा जुन्याला अंतर देणं शहाणपणाचं.

आता शेवटचा तास. हा तास वाया घालवण्याची सगळ्यात रूढ पद्धत म्हणजे सत्रभराच्या स्लाइड्स पुन्हा एकदा भराभर दाखवणं. मुलं माना हलवतात, सगळं ओळखीचं वाटतं, आपल्यालाही बरं वाटतं. पण ओळखीचं वाटणं म्हणजे आठवणं नव्हे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांचा २००६ चा प्रयोग मी दर सत्रात मुलांना सांगते. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षा पाच मिनिटांनी नसते, एवढं म्हटलं की वर्गाला पुढचं समजतं.

मी काय करते ते सांगते. शेवटच्या तासाला प्रत्येकाला एक कोरा कागद देते. वह्या बंद, फोन पिशवीत, दहा मिनिटं. ‘या कोर्समध्ये आपण काय काय शिकलो ते लिहा, आणि कशाचा कशाशी संबंध आहे ते रेघांनी जोडा.’ पहिली दोन मिनिटं वर्गात फक्त पंख्याचा आवाज असतो. मग कुणीतरी लिहायला लागतं आणि हळूहळू सगळे लागतात. दहा मिनिटांनी शेजाऱ्याशी कागद बदलायचा आणि त्याने लिहिलेलं पण आपल्याकडे नसलेलं वेगळ्या शाईने उतरवून घ्यायचं. उरलेला तास मी त्या कागदांवरून शिकवते.

मागच्या वेळी कागद गोळा करून टेबलावर पसरले. जवळपास सगळ्यांनी संख्याशास्त्रीय चाचण्यांची नावं लिहिली होती, सूत्रं लिहिली होती, काहींनी तर कोष्टकातले आकडे पाठ लिहिले होते. नमुना, म्हणजे मोठ्या गटातून मोजायला घेतलेला छोटा गट, कसा निवडायचा हे मात्र तीन-चार कागद सोडले तर कुठेच नव्हतं. सत्राचे पहिले दोन आठवडे मी तेच शिकवलं होतं. ज्या माहितीवर पुढची सगळी इमारत उभी राहते ती येते कुठून, हा प्रश्नच मुलांच्या डोक्यातून पुसला गेला होता, कारण पुढे बारा आठवडे मी तो पुन्हा काढलाच नाही. प्रत्येक उदाहरणात आकडे आयते दिलेले. हा दोष मुलांचा नव्हता, माझ्या रचनेचा होता, आणि कोणत्याही फीडबॅक फॉर्मवर तो आला नसता. दहा मिनिटांत मला पुढच्या सत्राचा सगळ्यात मोठा बदल मिळाला. तुमच्याकडे वेळ अगदीच नसेल तर बाकी सगळं सोडा, पण हा कागदाचा तास घ्या.

पेपर तपासणीकडे येते. इथे तुमचे सगळ्यात जास्त तास जाणार आहेत आणि इथेच सगळ्यात जास्त शिकायलाही मिळणार आहे.

एकेक उत्तरपत्रिका पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासू नका, प्रश्नवार जा. आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग गठ्ठ्याचा क्रम बदलून सगळ्यांचा दुसरा. पहिलं उत्तर झकास असलं की पुढच्या अर्धवट उत्तरालाही आपला हात सैल होतो, आणि पहिलंच फसलेलं असलं की पुढचं बरं उत्तरही संशयाने वाचलं जातं. प्रश्नवार गेलं की हे बरंचसं टळतं. शिवाय एकच मार्किंग स्कीम (कशाला किती गुण याची यादी) डोक्यात राहते, त्यामुळे वेगही वाढतो. नावं दिसत असतील तर पहिलं पान दुमडून ठेवा. गठ्ठे तुमच्याकडे टप्प्याटप्प्याने येत असतील तर पूर्ण वर्गाचं प्रश्नवार जमणार नाही, तेव्हा निदान प्रत्येक गठ्ठ्यापुरतं करा.

गुण द्यायला सुरुवात करण्यापूर्वी दहा उत्तरपत्रिका नुसत्या वाचा, पेन हातात न घेता. मार्किंग स्कीम आपण आदर्श उत्तर डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली असते. मुलं काय काय लिहू शकतात याचा अंदाज तेव्हा नसतो. पद्धत बरोबर पण आकडेमोड चूक, उत्तर बरोबर पण कारण दिलेलं नाही, वेगळ्याच वाटेने गेलेलं आणि तरी बरोबर, अशा प्रत्येकाला किती गुण हे या दहांवरून ठरवा आणि लिहून ठेवा. सगळं संपल्यावर पहिले दहा पुन्हा तपासा. माझ्या अनुभवात पहिले दहा नेहमी जास्त कडक तपासलेले निघतात. तुमचे कदाचित सैल निघतील, ज्याची त्याची सवय. निघतात मात्र.

हे काटेकोर वाटेल, म्हणून एक जुनी गोष्ट सांगते. डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड एलियट यांनी १९१२ साली इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका १४२ शिक्षकांकडून तपासून घेतली. त्याच एका पेपरला मिळालेल्या सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त गुणांत शंभरात ३० हून अधिक गुणांचं अंतर पडलं. भाषेत असं होणारच, गणितात होत नाही, असं म्हणायला जागा राहू नये म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीचा पेपर घेतला. तिथेही अंतर कमी झालं नाही. मी संख्याशास्त्राची शिक्षक आहे, मोजमापातली चूक मुलांना शिकवते. माझ्या लाल पेनातही तीच चूक असते, हे लक्षात ठेवूनच मला गठ्ठा उघडावा लागतो.

गठ्ठ्याशेजारी एक कोरा कागद ठेवा. एकच चूक तिसऱ्यांदा दिसली की ती त्यावर लिहा आणि पुढे दिसेल तितक्या रेघा मारत जा. हा कागद का जपायचा ते माझ्याच एका चुकीवरून सांगते.

एका परीक्षेत प्रश्न असा होता: २५ जणांच्या नमुन्याची सरासरी १०० आहे, समष्टीचं (ज्या मोठ्या गटातून नमुना घेतला त्याचं) प्रमाण विचलन, म्हणजे मापं सरासरीभोवती किती पसरलीत याचं माप, १० आहे, तर समष्टीच्या सरासरीसाठी ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल (ती सरासरी कुठे असावी याचा अंदाज देणारा पट्टा) काढा. १० ला २५ च्या वर्गमुळाने भागायचं, म्हणजे प्रमाण त्रुटी, नमुन्यांच्या सरासरीचं विचलन, २ येते. तिला १.९६ ने गुणलं की ३.९२. उत्तर ९६.०८ ते १०३.९२. पेपरांमागून पेपर उलटत गेले आणि उत्तर येत होतं ८०.४ ते ११९.६. भागाकारच केलेला नाही, १० तसेच्या तसे १.९६ ने गुणलेले. कागदावर रेघांची रांग लागली. मी मनात म्हटलं, मुलं वाचत नाहीत. गुण भरले, कागद रद्दीत गेला.

पुढच्या वर्षी तोच प्रकार, तीच ८०.४ आणि ११९.६. निकालानंतर एक विद्यार्थिनी पेपर बघायला आली. तिचं उत्तर कुठे चुकलं ते मी दाखवलं, तिने फोनवर माझ्याच स्लाइड्स उघडल्या आणि बोट ठेवून म्हणाली, “मॅडम, पण इथे तर दोन्ही एकच आहे.” बरोबर होतं तिचं. लागोपाठच्या दोन स्लाइड्सवर मी एकाच रंगात, ‘विचलन’ याच शीर्षकाखाली, एकच अक्षर वापरलं होतं. पहिल्या स्लाइडवर ते एकेका माणसाच्या मापाचं विचलन होतं, दुसरीवर सरासरीचं. शिकवताना मी तोंडाने फरक सांगत असे, म्हणून मला तो स्लाइडवरही दिसायचा. परीक्षेच्या आदल्या रात्री एकटीने वाचणाऱ्या मुलीला तो दिसणार कुठून?

दुरुस्तीला अर्धा तासही लागला नाही. दोन वेगळी अक्षरं, दोन रंग, आणि एकाच पट्टीवर खाली-वर दोन आलेख: वरचा एकेका मापाचा, पसरट, खालचा २५-२५ च्या नमुन्यांच्या सरासरींचा, निमुळता. त्यानंतरच्या वर्षी ती चूक अधूनमधून दिसली, रांग लागली नाही. पहिल्याच वर्षी तो कागद ठेवला असता, तर मधल्या एका अख्ख्या वर्गाचे गुण माझ्या स्लाइडपायी गेले नसते. याची रुखरुख मला अजून आहे.

उत्तरपत्रिकेवर शेरे किती लिहावेत? सत्राच्या मध्यावर भरपूर, शेवटी फार कमी. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात ज्यांना फक्त शेरे मिळाले त्यांची पुढची कामगिरी सुधारली. ज्यांना फक्त गुण मिळाले किंवा गुणांसोबत शेरे मिळाले त्यांची तशी सुधारली नाही. आकडा दिसला की नजर तिथेच थांबते. अंतिम पेपरवर तर गुण असणारच, आणि बऱ्याच ठिकाणी तो पेपर मुलाच्या हातात परत जातच नाही. तिथे दीडशे पेपरांवर समास भरून लिहिण्यात गेलेली शक्ती वाया जाते. त्याऐवजी त्या रेघांच्या कागदावरून एक पान तयार करा: नेहमीच्या पाच-सहा चुका, त्या का होतात, बरोबर कसं लिहायचं. ते सगळ्या वर्गाला पाठवा. तेच पान पुढच्या सत्राच्या मुलांना सुरुवातीलाच देता येतं, म्हणजे अध्यापन साहित्यातली एक चांगली भर झालीच.

गृहपाठांबद्दल एक जोड. चॅटजीपीटीसारखी साधनं आल्यापासून मी सत्राच्या शेवटी गृहपाठाचे गुण आणि लेखी परीक्षेचे गुण शेजारी मांडून बघते. ज्या गृहपाठात सगळा वर्ग उत्तम आणि परीक्षेत त्याच भागात सगळा वर्ग कोरा, तो गृहपाठ आता काही मोजत नाही. तो बदलायचा. पण यावरून एकेका मुलावर बोट ठेवू नका, आणि यंत्राने लिहिलेलं ओळखून देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर तर मुळीच नाही. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतः काढलेलं असं साधन २०२३ च्या जुलैमध्ये, अचूकता कमी असल्याचं सांगून, सहा महिन्यांतच मागे घेतलं. नव्या शिक्षकाने सत्राच्या शेवटी थकलेल्या मनाने केलेला चुकीचा आरोप त्या मुलाला वर्षानुवर्षं पुरतो.

इथवरचा क्रम एकदा जोडून घ्या: या आठवड्यात राहिलेल्या घटकाचं काय करायचं ते ठरवून मुलांना लेखी कळवायचं, शेवटच्या तासाला कोरा कागद, तपासणीत प्रश्नवार जायचं आणि शेजारी रेघांचा कागद. फीडबॅक आणि साहित्य त्यानंतर.

विद्यार्थ्यांच्या फीडबॅकबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण दुसऱ्या सत्रात तो जिव्हारी लागतो. माझी पहिली सूचना, गुण भरून होईपर्यंत तो उघडूच नका. फॉर्म निनावी असला तरी वाचलेलं वाक्य मनात राहतं आणि तपासताना हाताशी येतं. दुसरी, आकड्यांना जितका मान देतात तितका देऊ नका. बॉब उटल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली आधीच्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं तेव्हा शिक्षकाला मिळालेलं मानांकन आणि विद्यार्थी प्रत्यक्षात किती शिकले यांत म्हणावा असा संबंध दिसला नाही. २०१५ साली लिलियन मॅकनेल आणि सहकाऱ्यांनी एका ऑनलाइन कोर्समध्ये शिक्षकांची ओळख अदलून-बदलून दिली. शिक्षक पुरुष आहे असं ज्या विद्यार्थ्यांना वाटत होतं त्यांनी जास्त मानांकन दिलं, प्रत्यक्षात शिकवणारी व्यक्ती कुणीही असो. गट लहान होता, पण माझ्यासारख्या अनेकींना त्यात नवीन काही वाटलं नाही.

तुम्ही व्याख्यान कमी करून वर्गात मुलांकडून काम करून घेत असाल तर हार्वर्डमधला २०१९ चा एक प्रयोग माहीत असू द्या. लुई डेलोरिए आणि सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राचे तास दोन पद्धतींनी घेतले. स्वतः झगडून शिकलेल्या मुलांनी चाचणीत जास्त गुण मिळवले, पण ‘आज किती शिकलो असं वाटतं’ याला कमी गुण दिले. गुळगुळीत व्याख्यान ऐकणाऱ्यांना आपण जास्त शिकलो असं वाटलं. म्हणून ‘मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच सोडवायला लावतात’ असा शेरा आला की लगेच पद्धत सोडू नका, आधी त्या भागातले परीक्षेचे गुण बघा.

मग फीडबॅक वाचायचाच नाही का? वाचायचा, पण ज्या गोष्टीचे साक्षीदार विद्यार्थी स्वतः आहेत त्यासाठी. आवाज मागच्या बाकापर्यंत येत होता का, अक्षर दिसत होतं का, गृहपाठ वेळेवर परत मिळाला का, प्रश्न विचारायची भीती वाटली का, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. आशय योग्य होता का, पातळी बरोबर होती का, हे त्यांना आज सांगता येणार नाही. मी सगळे शेरे एका बैठकीत वाचते, एकच गोष्ट तीन वेगवेगळ्या हातांनी लिहिली असेल तरच तिची नोंद घेते, आणि दर सत्राला त्यातली एकच बदलते. एखादा शेरा नुसताच बोचरा असतो. तो एखाद्या सहकाऱ्याला वाचून दाखवा. मोठ्याने वाचला की त्याचा आकार खरा दिसतो. आणि जमलं तर पुढच्या सत्रात पाचव्या-सहाव्या आठवड्यात स्वतःच एक चिठ्ठी लिहून घ्या: आजच्या तासात सगळ्यात न कळलेली गोष्ट कोणती? तेव्हा मिळालेलं उत्तर त्याच मुलांच्या उपयोगी पडतं, शेवटचं पडत नाही.

आता विभागप्रमुखांनी सांगितलेलं साहित्य. सगळ्या स्लाइड्स नव्या करू नका. रेघांच्या कागदावर ज्या तीन चुका सगळ्यात वर आहेत त्यांच्या मुळाशी असलेले तीन तास शोधा आणि फक्त तेवढेच सुधारा. बाकीच्यांना हात लावू नका, अगदी फॉन्ट आवडत नसला तरी. फॉन्टवर गेलेली एक दुपार मला कधी परत मिळाली नाही.

जिथे हात लावाल तिथे दोन गोष्टी सोबतच करून टाका. पहिली, स्कॅन केलेली पानं असतील तर त्यातला मजकूर शोधता आणि निवडता येईल अशी फाइल करा. नुसतं चित्र असलेलं पान स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वाचू शकत नाही, त्यामुळे न दिसणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ते कोरंच असतं. आलेखाखाली तो काय दाखवतो हे एका वाक्यात लिहा. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला फरक पुरेसा ठेवा. वेबवरच्या सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी ४.५ ला १ हे किमान प्रमाण दिलंय. फिकट करड्यावर पिवळं त्यात बसत नाही. दुसरी गोष्ट, प्रत्येक फाइलच्या नावात वर्ष आणि सत्र घाला. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘खरं फायनल’ अशा फाइली तुमच्याकडे असतीलच.

नवं साहित्य स्वतः बनवण्याआधी आयतं काय मिळतं ते बघा. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने आपल्या कोर्सचं साहित्य सर्वांसाठी खुलं करण्याची घोषणा २००१ साली केली. ओपनस्टॅक्सची पाठ्यपुस्तकं मोफत आहेत, लिब्रेटेक्स्ट्सवर विज्ञानाचे विषय विस्ताराने आहेत. माझा सल्ला असा की यांतून अख्खा कोर्स उचलू नका, गणितं आणि सराव उचला. दुसऱ्याच्या स्लाइडवर शिकवणं अवघड असतं, दुसऱ्याचं चांगलं उदाहरण मात्र लगेच आपलं होतं. घेताना परवाना वाचा. क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्यांच्या खुणांपैकी ‘बीवाय’ म्हणजे मूळ लेखकाचं नाव द्या. ‘एनसी’ म्हणजे व्यावसायिक वापर नको. ‘एसए’ म्हणजे तुमची बदललेली आवृत्तीही त्याच अटीवर खुली ठेवा. ‘एनडी’ असेल तर बदल करून वाटायची परवानगी नाही, आणि भाषांतर हाही बदलच धरला जातो. मराठीत आणून मुलांना द्यायचं असेल तर ‘एनडी’ असलेलं घेऊ नका.

कोर्स फाइल राहिली. ती वेगळं काम म्हणून करू नका. शिकवलेल्या घटकांच्या तारखा, प्रश्नपत्रिका, मार्किंग स्कीम, चुकांचं पान, गुणांचं कोष्टक आणि बदललेल्या तीन तासांची नोंद, हे तुमच्याकडे तोवर आपोआप जमलेलं असेल. मी पाहिलेल्या बहुतेक फाइलींत यापेक्षा फार काही नसतं. तुमच्या विभागाचा नमुना वेगळा असेल तर त्या क्रमाने लावा.

आणि गुण भरले त्याच संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी नाही, स्वतःला एक पानभर पत्र लिहा. फाइलसाठी लिहाल तशा भाषेत नको, मैत्रिणीला सांगाल तशा भाषेत. माझ्या मागच्या पत्रातल्या ओळी अशा आहेत: ‘नमुना निवड पहिल्या दोन आठवड्यांत संपवू नकोस, प्रत्येक उदाहरणाआधी आकडे कुठून आले ते विचार. चौथ्या आठवड्यात दोन सुट्ट्या येतात, तिथे नवा घटक नको. वर्गात नाण्यांचा प्रयोग फार लांबला, वीस नाणेफेकी पुरतात. शेवटच्या बाकावरची मुलं दुसऱ्या महिन्यानंतर बोलायला लागली, त्याआधी हताश होऊ नकोस.’

हे पत्र कोर्स फाइलमध्ये घालू नका. पुढच्या सत्राच्या आठवडाभर आधीची तारीख कॅलेंडरमध्ये धरून तिथे लावा. आणि आजच प्रमुखांकडे जाऊन एवढं विचारा की कोर्स फाइल गुण भरल्यानंतर चार दिवसांनी दिली तर चालेल का. विचारलं तर बहुतेक वेळा ‘चालेल’ हेच उत्तर येतं. ते आलं की राहिलेल्या घटकातल्या कोणत्या दोन कल्पना ठेवताय ते मला कळवा, त्यावर नेमकं बोलता येईल.